घरगुती मसाले, चटण्या, फराळ: पोस्टसाठी स्वतःचे फोटो कुठून आणायचे?

वाई_घरगुती यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. वाईत आमचा घरगुती व्यवसाय आहे. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, लिंबाचं लोणचं, उन्हाळ्यात कुरडया-सांडगे आणि दिवाळीत फराळ. विक्री व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवरून होते. आठवड्याला तीन पोस्ट टाकायच्या ठरवल्या आहेत, म्हणजे महिन्याला बारा-तेरा फोटो हवेत. गूगलवरून उचलायचे नाहीत हे पक्कं आहे, पण मग आणायचे कुठून?

मोफत फोटोंच्या साइटवर आपले पदार्थ जवळजवळ नसतातच. चकली शोधली की मुरुक्कू येतो, मसाला शोधला की वाट्यांमध्ये हळद-तिखट मांडलेला तोच तो फोटो. स्वतः फोनवर काढले तर कांदा-लसूण मसाल्याचा नुसता लाल डाग दिसतो, करंज्या करड्या येतात आणि बरणीवर ट्यूबलाइट चमकते.

आणखी तीन शंका आहेत. गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो वापरले तर चालतात का? फोटोग्राफर एकदा बोलवायचा झाला तर त्याच्याशी काय ठरवून घ्यावं? आणि गणेशोत्सव, शिवजयंतीच्या पोस्टला चित्र कुठलं घ्यावं?

फोन मध्यम किमतीचा अँड्रॉइड आहे. घरात एक खिडकी पूर्वेला आणि एक उत्तरेला. खर्च हजार-दीड हजारापर्यंत करू शकतो.

खिडकीचा_उजेड

उत्तरेची खिडकी आहे म्हणताय, मग निम्मं काम झालं. त्या खिडकीतून वर्षातले बहुतेक महिने थेट ऊन येत नाही, त्यामुळे साधारण दहा ते तीनपर्यंत उजेड एकसारखा राहतो. पूर्वेची खिडकी सकाळी टाळा. तिथे काढायचंच असेल तर खिडकीला पांढरं मलमलचं कापड किंवा बटर पेपर लावा, म्हणजे सावलीची कडा मऊ होते.

मांडणी अशी करा. टेबल किंवा चौरंग खिडकीपासून दीड-दोन फुटांवर. उजेड पदार्थाच्या डावीकडून किंवा डावीकडून थोडा मागून यायला हवा. खिडकी तुमच्या पाठीशी ठेवू नका. समोरून पडलेला उजेड सगळे उंचसखल भाग सपाट करतो. चकलीचे काटे, अनारशावरची खसखस, मसाल्याचा रवाळपणा हे सगळं बाजूच्या उजेडातच दिसतं. मग खिडकीच्या समोरच्या बाजूला, पदार्थापासून सहा-आठ इंचांवर, फ्रेमच्या जरा बाहेर पांढरा कार्डशीट किंवा सनबोर्डचा तुकडा उभा करा. सावलीची बाजू तो उजळवतो. सावली फारच फिकट झाली तर कार्डशीट लांब सरकवा.

आणि खोलीतला प्रत्येक दिवा बंद. ही गोष्ट लोक सोडून देतात आणि मग रंग का बिघडला ते शोधत बसतात. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की फोनला पांढरं कशाला म्हणावं ते कळत नाही आणि करंजीची एक बाजू पिवळी, दुसरी निळी येते. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. काही ट्यूब आणि एलईडी दिवे त्या चालीने लुकलुकतात, म्हणून फोटोत आडवे पट्टे उमटतात. कधी नाइलाजाने दिव्यात काढायची वेळ आलीच तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात.

करंज्या करड्या का येतात? फ्रेममधला उजेड सरासरी मध्यम दिसावा असा फोनचा हिशेब असतो. फ्रेमभर पांढरं दिसलं की तो ते दाबतो, फ्रेमभर काळं दिसलं की उजळवतो. म्हणून करंजी, चिरोटे, कुरडई काढताना स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह वर सरकवा. आकडा दिसत असेल तर +०.३ ते +०.७ पुरतं. लाल मसाल्याला बरोबर उलटं, −०.३ ते −०.७. तिखट लाल रंगात फोनचा लाल भाग आधी भरून वाहतो आणि सगळे कण एकाच लाल रंगात बुडतात. तुमचा 'लाल डाग' तो हाच. फोनमधला 'फूड मोड' लगेच बंद करा, तो रंग आणखी भडक करतो आणि डाग वाढतो.

अंतराबद्दल थोडं. फोन पदार्थाच्या अगदी तोंडाशी नेला की बरेच फोन आपोआप मॅक्रो किंवा वाइड लेन्सवर जातात. तिचा दर्जा कमी असतो आणि जवळचा लाडू भोपळ्याएवढा दिसायला लागतो. दीड-दोन फूट मागे राहून २एक्स झूमवर काढा. तुमच्या फोनमध्ये २एक्स म्हणजे नुसतं कापून मोठं केलेलं असलं तरी बिघडत नाही. १२ मेगापिक्सेलचा उभा फोटो ३०००×४००० असतो, लांबी-रुंदी निम्मी झाली तरी १५००×२००० उरतो आणि इन्स्टाग्रामच्या उभ्या पोस्टला १०८०×१३५० पुरतात. दीड हजारातले पैसे घालायचेच तर मोबाइल होल्डरसकट ट्रायपॉडवर घाला. रिंग लाइट नको. बरणीवर आणि तेलाच्या तवंगावर त्याचं गोल कडं उमटतं.

कोन पदार्थाच्या उंचीवरून ठरवायचा. पापड, कुरडई, फराळाचं भरलेलं ताट सरळ वरून. वाटीतली चटणी, चिवडा ४५ अंशांतून. बरणी, लाडवांची रास समोरून, फोन टेबलाच्या पातळीवर आणून.

आता एकेक पदार्थ. कांदा-लसूण मसाला तेलकट असल्याने गोळे धरतो. काढायच्या आधी काट्याने मोकळा करा, छोटी रास करून तिच्यात लाकडी चमचा अर्धा रोवा. एक चकली मोडून ठेवा, आतली नळी दिसली की ती खुसखुशीत आहे हे सांगावं लागत नाही. चिवड्यात शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप तळाशी बसतात. वाटी भरल्यावर थोडे वेगळे काढून वर हाताने पेरा, पण जेवढे खऱ्या पाकिटात असतात त्याच प्रमाणात. कुरडई खिडकीसमोर धरून मागून उजेड येऊ द्या, तिचे तार झळकतात. कच्ची आणि तळलेली शेजारी ठेवलीत तर ती किती फुलते हेही कळतं. साजूक तुपाचे लाडू उन्हाळ्यात पाच-दहा मिनिटांत घाम सोडतात, म्हणून ते सगळ्यात शेवटी मांडा. आधी सगळी मांडणी, फोकस, उजेड एखाद्या लिंबावर जुळवून घ्या आणि मगच लाडू आणा.

लोणचं मात्र पितळी वाटीत मांडू नका. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत ठेवत नाहीत हे तुमच्या गिऱ्हाइकाला माहीत असतं आणि पहिली टिप्पणी त्यावरच येते. चिनी मातीची बरणी किंवा काचेची वाटी घ्या. लोणचं ढवळून दोन मिनिटं थांबा, तेल कडेला येऊ द्या, मग काढा.

हक्क_आणि_परवाने

वरचं उत्तर आधी अमलात आणा. माझं उत्तर फक्त त्या फोटोंसाठी, जे तुम्हाला स्वतः काढता येत नाहीत.

एक रेघ सुरुवातीलाच आखून घ्या. जो माल तुम्ही विकता, त्याचा फोटो तुमच्याच मालाचा हवा. दुसऱ्याच्या चकलीचा फोटो फुकट आणि पूर्ण परवान्यानिशी मिळाला तरी 'आमची चकली' म्हणून टाकणं ही गिऱ्हाइकाची दिशाभूल आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि मालाचं खोटं वर्णन त्यात येतं. यंत्राने बनवलेल्या चित्रांनाही हेच लागू. शिवाय ती चित्रं ओळखू येतात. चकलीचे वेढे मध्येच एकमेकांत विरघळलेले असतात आणि मोदकाच्या पाकळ्या टोकापर्यंत पोचत नाहीत. बाहेरचे फोटो फक्त वातावरणासाठी: ओली मिरची, लसणाची गड्डी, पाऊस, पणत्या.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स आणि पिक्साबे या तिन्ही साइटचे स्वतःचे परवाने आहेत. व्यवसायासाठी वापर चालतो, नाव देणं सक्तीचं नाही. पण फोटोत ओळखू येणारी व्यक्ती किंवा कंपनीचं बोधचिन्ह असेल तर त्या व्यक्तीची किंवा कंपनीची संमती या परवान्यात धरलेली नसते. हसणाऱ्या आजींचा फोटो घेऊन खाली 'आमच्या मसाल्याची चव' लिहिलंत तर त्या आजी तुमच्या मालाची शिफारस करतात असा अर्थ होतो. तसं करू नका.

आपल्याकडचे पदार्थ आणि जागा विकिमीडिया कॉमन्सवर जास्त सापडतात. तिथे प्रत्येक फोटोचा परवाना वेगळा असतो, म्हणून फोटोचं पान उघडून वाचावं लागतं. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, काढणाऱ्याने आधीच देऊन ठेवलेली परवानगी. सीसी झिरो किंवा सार्वजनिक मालकी असेल तर मोकळेपणाने वापरा. सीसी बाय असेल तर काढणाऱ्याचं नाव, परवान्याचं नाव आणि दुवा मजकुरात द्यायचा, काही बदल केला असेल तर तेही लिहायचं. सीसी बाय-एसए असेल तर तुम्ही त्यावर मजकूर-लोगो चढवून केलेलं नवं चित्रही त्याच परवान्याखाली जातं, म्हणजे ते उद्या दुसरा कुणीही वापरू शकतो. इतर साइटवर एनसी (व्यावसायिक वापर नाही) लिहिलेलं दिसलं तर व्यवसायाने हात लावायचा नाही. एनडी (बदल नाही) असेल तर बदल करून प्रसिद्ध करता येत नाही.

गूगलच्या चित्रशोधात 'टूल्स'मध्ये वापराच्या हक्कांची चाळणी आहे. ती शोधायला बरी, पण तिच्यावर विसंबू नका, मूळ पानावर जाऊन परवाना पाहा. एखादा फोटो संशयास्पद वाटला तर गूगल लेन्स किंवा टिनआयवर उलटा शोध घ्या. तोच फोटो एखाद्या विकत देणाऱ्या साइटवर दिसला तर सोडून द्या. 'साभार: गूगल' लिहिण्याला काहीही अर्थ नाही. गूगल त्या फोटोचा मालक नाही, आणि नाव देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. घेतलेल्या प्रत्येक फोटोच्या परवान्याच्या पानाचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट फोटोसोबतच ठेवा. साइटचे नियम बदलतात. पिक्साबे २०१९ पर्यंत सीसी झिरोवर होती, मग तिने स्वतःचा परवाना आणला.

सणांच्या पोस्टबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चुकणारे खूप आहेत. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. राजा रविवर्मा १९०६ साली वारले, एम. व्ही. धुरंधर १९४४ साली. त्यांची चित्रं मोकळी आहेत. पण जुन्या कॅलेंडरांवर आणि दिवाळी अंकांवर पाहिलेली कितीतरी देवादिकांची चित्रं दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची असतात. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत हक्क आहेत. मुळगावकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत. 'जुनं चित्र आहे, चालतं' हे इथे लागू नाही. सर्वात सोपं म्हणजे तुमच्या घरच्या गणपतीपुढच्या नैवेद्याच्या ताटाचा फोटो. मोदक तुमचे, ताट तुमचं, फोटो तुमचा.

शिवजयंतीला तर आणखी जपून. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. व्यापारासाठी त्यांचा वापर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय करता येत नाही. महात्मा गांधींचंही तसंच. म्हणून महाराजांच्या चित्राखाली मसाल्याचा दर, फोन नंबर आणि 'आजच ऑर्डर करा' असं काही नको. त्या दिवशी व्यवसायाच्या खात्यावरून विक्रीची पोस्ट टाकायचीच नाही, हे माझ्या मते सगळ्यात योग्य.

गिऱ्हाइकांचे फोटो: त्यांनी स्टोरीत तुम्हाला मेन्शन केलं असेल तर ती स्टोरी पुढे टाकण्याची सोय इन्स्टाग्रामनेच दिली आहे, ती वापरा. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो उतरवून पोस्ट करणं वेगळं. फोटो काढणाऱ्याचा हक्क आणि त्यात दिसणाऱ्याची संमती, दोन्ही विचारावं लागतं. असा निरोप पाठवा: 'ताई, तुम्ही पाठवलेला चिवड्याचा फोटो आमच्या इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या नावासह वापरू का? नाव नको असेल तर तसंही सांगा. नंतर काढून टाकायला सांगितलंत तर काढू.' 'हो' असं लेखी उत्तर आलं की स्क्रीनशॉट ठेवा. लहान मूल दिसत असेल तर आई-वडिलांपैकी कुणाचा तरी होकार हवा. नुसता अंगठ्याचा इमोजी आला तर पुन्हा विचारा.

वाई_घरगुती

दोघांचे मनापासून आभार. करंज्यांचं लगेच करून पाहिलं, +०.७ वर पांढऱ्या आल्या. बरणीचा प्रश्न अजून आहे. दिवे बंद केले तरी काचेवर खिडकीचा पांढरा चौकोन येतो आणि नेमका लेबलवर बसतो. आणि जाऊबाई फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, ते पोस्ट केल्यावर फुटल्यासारखे दिसतात. फोन बदलावा लागेल का?

पितळी_डबा

फोन बदलू नका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना दाबून लहान करतं. मग तुम्ही त्यात रंग दुरुस्त करता, पुन्हा जतन करता, इन्स्टाग्राम तो आणखी दाबतं. तीन वेळा दाबलेला फोटो फुटणारच. जाऊबाईंना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, किंवा गूगल ड्राइव्हवर एक सामायिक फोल्डर करा. एचडीचा पर्यायसुद्धा मूळ फोटो जसाच्या तसा पाठवत नाही.

बरणीचं सांगतो. काच आरशासारखी वागते, उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो. त्यामुळे चमक पुसायची नसते, तिला जागा द्यायची असते. बरणीच्या मागच्या कडेखाली दुमडलेल्या कार्डशीटची घडी सरकवा, बरणी किंचित पुढे झुकेल आणि वरून येणारी चमक फोनच्या खाली जाईल. खिडकीचा चौकोन तरीही दिसत असेल तर बरणी उभ्या अक्षावर थोडी फिरवा, किंवा टेबलच खिडकीच्या रेषेत थोडं मागे घ्या, म्हणजे चमक लेबलवरून सरकून काचेच्या कडेला एका उभ्या रेषेत येते. ती रेषा राहू द्या, तिच्यामुळे बरणी गोल दिसते. गडद रंगाचे कपडे घालून फोटो काढा. पांढरा शर्ट काचेत दिसतो.

बरणीच्या कडा पांढऱ्या पार्श्वभूमीत विरून जात असतील तर फ्रेमच्या बाहेर दोन्ही बाजूंना काळ्या कार्डशीटच्या उभ्या पट्ट्या ठेवा, कडांना बारीक काळी रेघ मिळते. आणि बरणी कोरड्या सुती कापडाने धरून मांडा. तेलकट बोटांचे ठसे स्क्रीनवर दिसत नाहीत, पोस्ट केल्यावर दिसतात. पुढच्या वेळी लेबलं छापताना चकचकीतऐवजी मॅट लॅमिनेशन सांगा, हा त्रास मुळातून बराच कमी होतो.

रंग दुरुस्त करायला स्नॅपसीड पुरतं, फुकट आहे. मांडणीतला पहिला फोटो पदार्थाशेजारी साधा पांढरा कागद ठेवून काढा. स्नॅपसीडच्या व्हाइट बॅलन्समध्ये ड्रॉपर असतो, तो त्या कागदावर टेकवा आणि येणारे आकडे त्या बैठकीतल्या सगळ्या फोटोंना लावा. लाल मसाल्याला सॅच्युरेशन वाढवायचं नाही, उलट −५ ते −१० करून पाहा, कण वेगळे दिसायला लागतात. गिऱ्हाइकाच्या हातात पाकीट आल्यावर रंग फोटोतल्यासारखाच असला पाहिजे. संकेश्वरी मिरचीचा मसाला ब्याडगी मिरचीसारखा गडद लाल दाखवलात तर परत आलेलं पाकीट तुमच्याच खर्चाने येतं.

पार्श्वभूमीसाठी विकतचे छापील संगमरवरी कागद घेऊ नका. ते शेकडो खात्यांवर आहेत. घरातला पाट, सूप, रोवळी, कडाप्प्याचा तुकडा, घोंगडी, खणाचं कापड हे सगळं तुमच्याकडे असेलच. दोन बाय दोन फुटांचा तुकडा पुरतो. काळ्या घोंगडीवर काळा मसाला ठेवू नका, गडपच होतो. त्याला फिकट पाट घ्या. स्टीलची ताटं टाळा, सगळी खोली त्यांत दिसते.

डंकावरचा_मसाला

वरची उत्तरं फोटो कसा काढायचा याची झाली. महिन्याला बारा-तेरा फोटो सतत कुठून येणार, हे अजून राहिलंय. रोज मांडणी करत बसाल तर दोन आठवड्यांत कंटाळाल. फोटोंचा साठा करा, आणि तो माल बनत असतानाच.

वर्षाचं चक्र पाहा. मार्च ते मे मिरची निवडणं, देठं खुडणं, उन्हात वाळवणं, खडा मसाला भाजणं, डंकावर कांडप. याच महिन्यांत गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड. पावसाळ्यात बाहेर कमी उजेड, म्हणून घरातली कामं: चटण्या कुटणं, बरण्या भरणं, पाकिटं सील करणं. दिवाळीआधीचे पंधरा दिवस फराळ. यातलं प्रत्येक काम एकदाच होतं आणि ते कुठल्याच मोफत साइटवर सापडत नाही. वाळत घातलेल्या मिरच्यांमधून फिरणारा हात, सोऱ्यातून उतरणारी कुरडई, कांदा परततानाची कढई: मसाला खरंच घरी बनतो हे यांतून गिऱ्हाइकाला दिसतं. ऊन तापायच्या आत, सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला गच्चीवरचे फोटो काढून घ्या. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात मिरचीखाली काळी सावली पडते आणि हात भाजल्यासारखे दिसतात.

हात कामात असताना फोटो काढायला कुणी नसेल तर ट्रायपॉडवर फोन लावून ४के व्हिडिओ सुरू ठेवा आणि नंतर त्यातून चित्र काढा. उभ्या ४के व्हिडिओचं एक चित्र २१६०×३८४० असतं, पोस्टला भरपूर. फक्त हलणारा हात धूसर येतो, म्हणून उजेड जास्त हवा आणि जमत असेल तर सेकंदाला ६० फ्रेमवर घ्या. कढईच्या वाफेने लेन्स धुरकटते, दर दोन मिनिटांनी पुसा. मिरचीची पूड उडत असताना फोन लांब ठेवून २एक्सवर काढा. ती चार्जिंगच्या भोकात आणि स्पीकरच्या जाळीत बसते.

प्रत्येक पदार्थाचे निदान एवढे फोटो एकाच बैठकीत काढा: बरणी समोरून, मागचं लेबल वाचता येईल असं, वाटीत काढलेला माल, अगदी जवळून कण, शेजारी कच्चा माल, बनवतानाचा हात, आकार कळावा म्हणून भाकरीशेजारी किंवा चमच्याशेजारी, आणि कुरिअरला जाणारं खोकं. आठ पदार्थांचे आठ-आठ म्हणजे ६४ फोटो. आठवड्याला तीनच्या हिशेबाने पाच महिने निघतात. मागच्या लेबलचा फोटो कंटाळवाणा वाटेल, पण घटक, वजन, तारीख आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर विचारणारे निरोप त्याने निम्मे होतात.

उभा आणि आडवा दोन्ही काढा. उभ्यात पदार्थ खालच्या दोन-तृतीयांशात ठेवा, वर मोकळी जागा सोडा, दर किंवा सणाचा मजकूर तिथे येतो. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर आता चौरसाऐवजी ३:४चा उभा तुकडा दिसतो, म्हणून बरणी अगदी कडेला चिकटवू नका. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये एका वस्तूला दहा फोटो लावता येतात. बरणी समोरून असलेला पहिला ठेवा, लहान चौकोनात तोच ओळखू येतो.

फोल्डर पदार्थाच्या नावाने करा आणि फाइलच्या नावात वर्ष-महिना घाला. मसाल्याचा रंग दरवर्षीच्या मिरचीप्रमाणे बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा जवळून काढलेला फोटो या वर्षी वापरू नये. बनवण्याचे फोटो चालतात.

हक्क_आणि_परवाने

फोटोग्राफरचा प्रश्न माझ्याकडून राहिला होता. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७(ख)नुसार तुम्ही मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही असता, दोघांमध्ये वेगळा करार नसेल तर. मेख त्या 'नसेल तर'मध्ये आहे. बऱ्याच फोटोग्राफरांच्या बिलामागे हक्क त्यांच्याकडे राहतील असं छापलेलं असतं आणि आगाऊ रक्कम देताना त्यावर सही होते. आधी वाचा.

ओळखीच्या कुणी फुकट काढून दिले, किंवा कोल्हापूर-पुण्याच्या उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याने सरावासाठी काढले, तर मोबदला नसल्याने हक्क काढणाऱ्याचाच राहतो. तेव्हा लेखी घ्यावंच लागतं, आणि त्यात मुदत व प्रदेश लिहायचा. हक्क सोपवण्याच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचा फराळ परदेशातल्या नातलगांकडे जात असेल आणि तिथल्या दुकानदाराला फोटो द्यायचे असतील तर हे महत्त्वाचं ठरतं. विद्यार्थ्याला फुकट राबवू नका, ठरवून पैसे द्या. त्याचं काम आहे आणि तुमचा कागदही सोपा होतो.

एका पानावर एवढं लिहून दोघांनी सही करा: तारीख आणि वेळ, कोणते पदार्थ, दुरुस्त केलेले किती फोटो मिळणार, किती दिवसांत, पूर्ण आकारात आणि ड्राइव्हवरून, हक्क कुणाचे, फोटोग्राफर आपल्या कामाचा नमुना म्हणून ते दाखवू शकतो का, आणि पुन्हा दुरुस्ती किती वेळा. शेवटी एक ओळ खास खाद्यपदार्थांसाठी घाला: 'फोटोसाठी पदार्थात तेल, रंग किंवा इतर काही बाहेरून घालणार नाही.' काही जण चमक यावी म्हणून लाडवांवर तेलाचा हात फिरवतात. तो फोटो मग तुमच्या लाडवांचा राहत नाही.

वाई_घरगुती

कागद लिहून ठेवते. आधी उत्तरेच्या खिडकीत स्वतः दोन बैठका करते, फोटोग्राफर दिवाळीच्या फराळापुरता बघू. एकच विचारायचं राहिलं. कांडप गिरणीत इतर बायकाही असतात. त्या मागे दिसल्या तर?

डंकावरचा_मसाला

गिरणीमालकाला आधी विचारा, ती त्याची जागा आहे. बायकांना फोटो काढायच्या आधी सांगा की हा विक्रीच्या पोस्टमध्ये जाणार आहे, आणि ज्यांना नको असेल त्यांना फ्रेमबाहेर बसू द्या. नंतर चेहरा धूसर करण्यापेक्षा कोन बदलणं चांगलं: फोन कमरेच्या उंचीवर, डंकाच्या बाजूने, फक्त मुसळ, उखळ आणि तुमचे हात. गिरणीत उजेड कमी आणि धूळ जास्त, म्हणून दाराजवळचा डंक मिळेल अशी वेळ मालकाकडून ठरवून घ्या.